लोखंड जालन्याचं, मग भावात चीन कशाला?

निफाड तालुक्यातले एक बागायतदार नाना गेल्या आठवड्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझ्या शेडवर आले. दीड एकर नव्या द्राक्षबागेला वाय मांडव, म्हणजे वेली चढवायला 'Y' आकाराच्या लोखंडी अँगलचा मांडव, करायचाय. अँगल, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार, नटबोल्ट, कडेचे ताण असं सगळ्याचं वजन काढून मी कोटेशन दिलं आणि खाली नेहमीची ओळ लिहिली : दर तीन दिवसांपुरता. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "भाऊ, लोखंड येतं जालन्याहून. गाडी रिकामी होते तुमच्या दारात. अन् भाव विचारला की तुम्ही चीनचं नाव घेता. मधे चीन आला कुठून?"

चहा होईपर्यंत मी त्यांना जमेल तसं सांगितलं. तेच इथे जरा नीट लिहितोय. कारण हा प्रश्न एकट्या नानांचा नाही. घराचा स्लॅब टाकणारा, कांदाचाळ उभी करणारा, सातपूरला पत्रा कापून प्रेसवर घालणारा, सगळेच हे विचारतात, आणि त्यांना बहुतेक वेळा "वरूनच वाढलंय" एवढंच उत्तर मिळतं. त्या 'वर' म्हणजे नेमकं कुठे, ते माहीत असलेलं बरं.

आधी वजन डोळ्यांसमोर आणू. सळईचं वजन काढायचा साइटवरचा हिशोब सोपा आहे. मिलिमीटरमधला व्यास त्याच आकड्याने गुणायचा आणि १६२ ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा एमएम घ्या. १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला साधारण ८८९ ग्रॅम. बारा मीटरचा अख्खा गज पावणेअकरा किलोच्या आसपास भरतो. पाथर्डी फाट्याला हजार चौरस फुटांचं साधं आरसीसी घर बांधलं, तर फुटाला साडेतीन-चार किलो धरून चार टनांच्या घरात स्टील जातं. आता देशाचा आकडा बघा. भारतात माणशी वर्षाला साधारण १०० किलो पोलाद वापरलं जातं. म्हणजे एका माणसाच्या वाट्याचं चाळीस वर्षांचं पोलाद त्या एका घरात सहा-आठ महिन्यांत काँक्रीटखाली जातं. चौघांचं कुटुंब असेल तर दहा वर्षांचं.

पोलादाच्या मागणीचं मर्म यातच आहे. डाळ-तांदळासारखी ती रोजची नसते. घर बांधताना एकदम उसळते आणि घर झालं की पुढे कित्येक वर्षं गेट, ग्रिल, एखादी मोटारसायकल यापलीकडे फारसं काही लागत नाही. देशांचंही असंच होतं. रस्ते, पूल, धरणं, बंदरं, कारखाने, शहरं उभी राहत असतात तोवर पोलादाची भूक भागत नाही. ती उभी राहिली की भूक आपोआप उतरते. पैसा असतो, पण बांधायचं बहुतेक बांधून झालेलं असतं.

आशियात हे आधी जपानने अनुभवलं. युद्धात बेचिराख झालेल्या देशाने पुन्हा उभं राहताना पोलाद ओतायला सुरुवात केली, १९६४ मध्ये टोकियो-ओसाका बुलेट ट्रेन धावली आणि १९७३ मध्ये जपानचं पोलाद उत्पादन १२ कोटी टनांच्या जवळ पोचलं. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्यांनी ती पातळी कधी फारशी ओलांडली नाही. २०२४ मध्ये ते ८.४ कोटी टन होतं. जपान गरीब झाला म्हणून हे झालं नाही. तिथे आता नवं बांधण्यापेक्षा जुनं सांभाळणंच जास्त आहे.

दुसरा नंबर कोरियाचा. १९६८ मध्ये पोहांगला सरकारी पोलाद कंपनी स्थापन झाली, जपानकडून मिळालेला पैसा आणि तंत्र वापरून १९७३ मध्ये तिची पहिली भट्टी पेटली. आज दक्षिण कोरियात माणशी वर्षाला सुमारे ९०० किलो पोलाद वापरलं जातं, आपल्या नऊपट. पण हा आकडा वाचताना थोडं जपून. कोरियातला माणूस नऊपट मोठ्या घरात राहत नाही. ते पोलाद जहाजांत आणि मोटारींत जातं, आणि जहाजं-मोटारी जगभर विकल्या जातात. एखाद्या देशाचा 'वापर' काढायचा हिशोब असा असतो : तिथे बनलं किती, त्यात बाहेरून आलेलं मिळवायचं, बाहेर गेलेलं वजा करायचं. त्यात जहाजाच्या पोटात बसून बाहेर गेलेलं पोलाद मोजलंच जात नाही.

मग चीन. १९७८ च्या अखेरीस शांघायजवळ बाओशानला जपानी तंत्राने मोठा कारखाना बांधायला सुरुवात झाली. तरी २००० सालापर्यंत चीनचं उत्पादन १३ कोटी टनांच्या आतच होतं. २०२० मध्ये ते १०६ कोटी टनांवर गेलं. वीस वर्षांत आठपट! इतक्या कोटी टनांची वाढ दुसऱ्या कुठल्याच धातूत कधी झालेली नाही. २००८ च्या मंदीत चीन सरकारने ४ लाख कोटी युआनचा खर्च जाहीर केला आणि त्यातला मोठा भाग रेल्वे, रस्ते, घरबांधणी असा पोलाद खाणाऱ्या कामांत गेला. २०२४ मध्ये जगात सुमारे १८८ कोटी टन पोलाद बनलं, त्यातलं १०० कोटी टनांहून जास्त एकट्या चीनचं. भारत दुसऱ्या क्रमांकावर, जवळपास १५ कोटी टन. जपानला आपण २०१८ मध्ये मागे टाकलं, याचा मला अभिमान आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांमधलं अंतर पाहिलं की नानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर भट्टीत आहे.

खनिजापासून लोखंड काढतात ती झोतभट्टी. एखाद्या उंच इमारतीएवढी. वरून थरावर थर लोहखनिज, कोक (हवेशिवाय भाजलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी सोडायची, खालून हजार अंशांहून गरम हवेचा झोत मारायचा. कोकमधला कार्बन खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि तळाशी वितळलेलं लोखंड साठतं, त्यावर मळी तरंगते. दर काही तासांनी तळाचं भोक फोडून लोखंड काढून घेतात. एक टन पोलादामागे साधारण १,४०० किलो खनिज आणि ८०० किलो कोळसा लागतो. ही भट्टी एकदा पेटली की पंधरा-वीस वर्षं, आतलं विटांचं अस्तर झिजेपर्यंत, ती विझवायची नसते. झोत कमी करता येतो, थोडे दिवस दमानं घेता येतं. पण ती थंड पडली तर पोटातलं लोखंड आतच गोठून बसतं, अस्तराला तडे जातात, आणि पुन्हा चालू करायचा खर्च डोळे पांढरे करतो. म्हणून गिऱ्हाईक कमी झालं तरी कारखानदार भट्टी चालूच ठेवतो. टनामागे थोडा तोटा परवडतो, पण भट्टी विझवणं परवडत नाही. त्यात त्या कारखान्यावर गावाचा कर, हजारो लोकांचा पगार आणि बँकेचं कर्ज अवलंबून असतं, त्यामुळे तिथलं स्थानिक प्रशासनही बंद करू देत नाही.

हे आकडेवारीतून समजावलं की डोक्यावरून जातं, पण नानांना एका वाक्यात समजलं. मी म्हटलं, लासलगावला एकदम आवक आली की काय होतं? कांदा उकिरड्यावर टाकण्यापेक्षा मिळेल त्या भावात काढावाच लागतो, आणि एका बाजारचा भाव पडला की पिंपळगाव, येवला, चांदवड सगळीकडे पडतो. तुमचा कांदा चाळीत कितीही चांगला असो. पोलादाचं तेच. फरक इतकाच की कांद्याची आवक महिना-दोन महिन्यांत ओसरते, पोलादाची वर्षानुवर्षं चालते.

चीनमध्ये ही आवक तुंबली ती घरबांधणी कोसळल्यामुळे. तिथल्या बिल्डरांनी कर्ज काढून काढून इमारती उभ्या केल्या होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने कर्जावर 'तीन लाल रेषा' आखल्या, पुढच्याच वर्षी एव्हरग्रांड नावाचा अवाढव्य बिल्डर कर्जाचे हप्ते थकवून बसला, आणि नवीन घरांची कामं सुरू व्हायचं प्रमाण २०२४ पर्यंत २०१९ च्या एक तृतीयांशावर आलं. सळई खाणारं सगळ्यांत मोठं तोंड बंद झालं. भट्ट्या मात्र चालूच राहिल्या. काही कारखान्यांनी सळईऐवजी कॉइल, म्हणजे गुंडाळी केलेला पत्रा, काढायला घेतली, कारण कॉइल जहाजात घालून कुठेही पाठवता येते. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टन पोलाद निर्यात केलं. भारत अख्ख्या वर्षात जेवढं बनवतो त्याच्या जवळजवळ पाऊणपट, आणि ते नुसतं उरलेलं!

आता हे जालन्यापर्यंत कसं येतं? चिनी सळई भरलेली गाडी समृद्धीवरून जालन्याला जात नाही. ती वाट वेगळी आहे, आणि मला वाटतं सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

जालन्यात झोतभट्ट्या नाहीत. तिथे इंडक्शन भट्ट्या आहेत, विजेवर चालणाऱ्या. त्यात भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातला प्राणवायू काढून केलेलं सच्छिद्र लोखंड) वितळवतात, त्याचे बिलेट म्हणजे लांब चौकोनी ठोकळे ओततात आणि रोलिंग मिलमध्ये सळई किंवा अँगल काढतात. भंगाराचा बाजार जगाचा आहे, भारत स्वतः जहाजं भरभरून भंगार मागवतो. चीनने स्वस्त बिलेट बाजारात सोडले की तुर्कस्तानपासून आग्नेय आशियापर्यंतचे कारखाने भंगार वितळवायच्या भानगडीत न पडता सरळ बिलेटच घेतात. भंगाराची मागणी उतरते आणि भाव पडतो. स्पंज आयर्न लोहखनिजापासून बनतं, आणि जगात समुद्रमार्गे विकल्या जाणाऱ्या खनिजाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक पुन्हा चीनच. म्हणजे जालन्याच्या भट्टीत पडणाऱ्या दोन्ही वस्तूंचे भाव चीनच्या हालचालीने हलतात, आणि तिथे चिनी लोखंडाचा तुकडाही आलेला नसतो.

दुसरी वाट मोठ्या कारखान्यांची. टाटा, जेएसडब्ल्यू, सेल हे खनिजापासून पोलाद काढतात. मुंबई बंदरात परदेशी कॉइल कर भरून कितीला पडते, हे बघूनच त्यांना आपल्या कॉइलचा भाव लावावा लागतो. त्यांची सळई जालन्याच्या सळईपेक्षा टनामागे काही हजारांनी महाग असते. मोठ्यांनी भाव खाली आणला की हे अंतर कमी होतं, गिऱ्हाईक म्हणतं मग मोठ्यांचंच घेऊ, आणि जालन्याला संध्याकाळी रेट उतरवावा लागतो. तोच रेट सकाळी माझ्या मोबाईलवर येतो.

तिसरी वाट जरा आडबाजूची आहे, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. कोरियाशी २०१० पासून आणि जपानशी २०११ पासून आपले व्यापार करार आहेत, त्यामुळे तिथल्या बहुतेक पोलादाला सीमाशुल्क लागत नाही. चिनी पोलादाने कोरिया-जपानचं जुनं गिऱ्हाईक व्हिएतनाम, थायलंडमध्ये खाल्लं, की त्यांनाही माल कुठेतरी खपवायचा असतो, आणि भारताचं दार त्यांच्यासाठी बिनशुल्क उघडं आहे. म्हणजे चीनने एकीकडे ढकललं की दुसरीकडून कोरियन कॉइल आपल्या बंदरात उतरते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी भारताने तयार पोलाद निर्यात केलं त्याहून जास्त आयात केलं. जगात दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक, आणि तरी आयातदार.

यावर सरकारने एप्रिल २०२५ मध्ये पत्रा आणि कॉइल अशा सपाट मालावर १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं. आधी २०० दिवसांसाठी होतं, पुढे ते तीन वर्षांसाठी १२, ११.५ आणि ११ टक्के असं उतरतं केलं. सळई आणि अँगल त्यात नाहीत, म्हणून नानांच्या मांडवावर त्याचा थेट भार नाही. पण पाइप, पत्रा, शेडचं सामान यांना तो लागतो. मी या शुल्काच्या विरोधात नाही. तोट्यात विकणाऱ्याशी स्पर्धा करून आपले कारखाने बुडाले, तर उद्या बाहेरचा म्हणेल तो भाव द्यावा लागेल. मात्र या शुल्काचा लाभ मोठ्या कारखान्याला मिळतो आणि झळ अंबड-सातपूरच्या लहान युनिटला बसते. त्याला पत्रा महाग पडतो, आणि चिनी पत्र्याचं तयार भांडं किंवा सुटा भाग मात्र पत्र्यावरचं हे शुल्क न भरताच आत येतो. पत्र्यावर शुल्क लावताना पत्र्यापासून बनलेल्या मालाकडेही तेवढंच बघितलं पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

नाना इथे म्हणाले, "म्हणजे आमच्या कांद्यासारखंच, सरकार कधी या बाजूला, कधी त्या बाजूला." तसंच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं ते त्यांना चांगलंच आठवतं. पोलादावर तसंच शुल्क त्याच्या आधी लागलं होतं, मे २०२२ मध्ये, १५ टक्के.

ते वर्ष मी विसरणार नाही. फेब्रुवारीत एका बागेच्या मांडवाचं कोटेशन दिलं, बागेतली द्राक्षं निघाल्यावर काम करू असं ठरलं. मुदतीची ओळ तेव्हा मी लिहीत नसे. फेब्रुवारीच्या शेवटी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडे लोहखनिज मुबलक आहे, पण झोतभट्टीला लागणारा कोकिंग कोळसा बहुतेक सगळा बाहेरून येतो, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून. त्या कोळशाचा भाव मार्चमध्ये टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. नाशिकमध्ये सळई-अँगल रोज चढत होता. एप्रिलमध्ये शेतकऱ्याचा फोन आला, भाऊ अँगल कधी टाकता? शब्द दिलेला होता, मी त्याच दरात काम केलं आणि पदरचे पैसे घातले. महिनाभराने निर्यात शुल्क लागलं, माल देशातच अडकला आणि भाव गडगडला. तेव्हा माल भरून ठेवणारे बुडाले. नोव्हेंबरमध्ये शुल्क काढलं. तीन दिवसांची ओळ तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोटेशनवर असते.

भांडी बाजारातल्या स्टीलचं गणित थोडं निराळं आहे, तेही थोडक्यात सांगतो. चांगल्या ३०४ ग्रेडच्या डब्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलचा राजा आता इंडोनेशिया आहे. त्यांनी आधी २०१४ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२० पासून कच्चं निकेल खनिज देशाबाहेर पाठवायला बंदी घातली आणि चिनी कंपन्यांना म्हटलं, इथे येऊन भट्टी टाका. सुलावेसी बेटावर मोरोवालीला निकेल आणि स्टेनलेस स्टीलचं प्रचंड केंद्र उभं राहिलं. पातेल्याच्या भावात चीनच्या जोडीला इंडोनेशिया आला तो असा. शिवाय आपल्याकडे निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०० सिरीजचं स्टील भांड्यांत खूप चालतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ-आंबट सोसायला ३०४ इतकं चांगलं नसतं. लोहचुंबक लावून यातला फरक कळत नाही, तेव्हा ग्रेडचा शिक्का बघूनच घ्या.

शिक्क्याचा विषय निघालाय तर सळईचंही सांगतो. इंडक्शन भट्टी लोखंड वितळवते, पण त्यातला फॉस्फरस आणि गंधक सहजासहजी काढत नाही. जे भंगार आत गेलं तेच गुण सळईत उतरतात. याच कारणाने चीनने २०१७ मध्ये स्वतःकडच्या बांधकामाच्या सळयांसाठी चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या बंद केल्या. आपल्याकडे त्या चालू आहेत, आणि भंगार निवडून घेणारे, प्रत्येक ओतीची तपासणी करणारे चांगले कारखानदार जालन्यात आहेत. घेताना आयएस १७८६ चा शिक्का आणि एफई ५००डी लिहिलेलं बघा. त्या 'डी'चा अर्थ सळई तुटण्याआधी जास्त ताणली जाते. भूकंपात तेच कामाला येतं.

मग भारताचं पुढे काय? चीनमध्ये माणशी ६०० किलोच्या आसपास पोलाद वापरलं जातं, जगाची सरासरी सुमारे २१५ किलो आहे, आपण १०० वर. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत क्षमता ३० कोटी टन आणि माणशी वापर १६० किलो असं लक्ष्य ठेवलंय. नाशिकमध्ये बसून हे मला पटतं, कारण ते दिसतं. सिन्नर आणि इगतपुरीवरून ७०१ किलोमीटरचा समृद्धी पूर्ण झाला, सिंहस्थाची कामं चालू आहेत, आणि गावोगावी मातीच्या घरांच्या जागी स्लॅब पडतायत. आपलं बांधून व्हायचंय. ज्या भुकेवर जपान, कोरिया आणि चीन मोठे झाले ती आता आपल्याकडे आहे, आणि सगळ्या आशियाचा जास्तीचा माल याच भुकेकडे बघतोय.

एक काटा मात्र आहे. आपलं पोलाद कोळशावर फार अवलंबून आहे, स्पंज आयर्नसुद्धा बरंचसं कोळशावर बनतं, त्यामुळे टनामागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. युरोपने जानेवारी २०२६ पासून अशा पोलादाच्या आयातीवर कार्बन शुल्क सुरू केलंय, आणि त्यात बोल्ट-स्क्रूही येतात. युरोपला फास्टनर पाठवणाऱ्या आपल्या उद्योजकाला आता तारेचं पोलाद कुठल्या भट्टीतलं, याचा कागद ठेवावा लागणार आहे. भंगारापासून बनलेलं पोलाद इथे उजवं ठरतं, आणि जालन्याला त्यात संधी आहे असं मला मनापासून वाटतं.

चहाचे कप उचलले गेले. नाना म्हणाले, "सगळं समजलं. आता घेऊ की थांबू, ते सांगा."

मी जे बघतो ते त्यांना सांगितलं. पावसाळ्यात बांधकामं मंदावतात, तेव्हा सळई-अँगल बहुधा नरम असतो. दसऱ्यानंतर कामं सुरू झाली की उचलतो. चीनची महिन्याची निर्यात वाढती आहे तोवर एकदम मोठी तेजी यायची शक्यता कमी. ऑस्ट्रेलियात चक्रीवादळाने कोळशाच्या खाणी बुडाल्या किंवा दिल्लीतून एखादं शुल्क आलं, तर हे सगळं एका रात्रीत बदलतं. मांडव दिवाळीपर्यंत उभा हवा, म्हणजे वेळ आहे, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणायची नाही.

निम्मा अँगल आत्ता आणि निम्मा श्रावणात उचलायचा असं ठरलं. तारेचं नंतर बघू. कोटेशन पुन्हा हातात घेऊन मी खालच्या ओळीतले 'तीन दिवस' खोडले आणि 'सात दिवस' लिहिलं. नानांनी कागद घडी करून खिशात घातला, वजनकाट्यावर उभ्या असलेल्या जालन्याच्या गाडीकडे एकदा नीट बघितलं आणि निफाडची वाट धरली.